गोल्फचे चेंडू आणि भाड्याची खाती

२०१० च्या आसपास अमेरिकेत इंटरनेटवर पोकर खेळणाऱ्यांचे कोट्यवधी डॉलर कागदोपत्री भलत्याच गोष्टींवर खर्च होत होते. दागिने, गोल्फचे चेंडू असला माल विकणारी शेकडो दुकानं कागदावर उभी होती. त्यांना नावं होती, त्यांच्या नावाने बँकेत रकमा जमा होत होत्या, माल मात्र कुठल्याच गोदामात नव्हता. पोकर कंपन्यांनी बँकांच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठी हा देखावा रचला, असं एप्रिल २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी आरोपपत्रात म्हटलं. चौदा वर्षांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, ईडीच्या मुंबई कार्यालयाने ‘परिमॅच’ या परदेशी सट्टा कंपनीच्या प्रकरणात छापे घातले. यूपीआयने भरलेले सट्ट्याचे पैसे कुठे ऑनलाइन खरेदीचा परतावा, तर कुठे विक्रेत्याचं देणं म्हणून फिरवले गेले, असं ईडीने तेव्हा सांगितलं.

देश वेगळे, काळ वेगळा, पैसे पाठवण्याची साधनंही वेगळी, पण लपवण्याची तऱ्हा तीच. कारण दोन्हीकडे पेच सारखाच होता. खेळणारे लाखोंनी, त्यांना पकडून तुरुंगात घालणं शक्य नाही. कंपनी एखाद्या दूरच्या बेटावर नोंदलेली, तिच्यापर्यंत हात पोचत नाही. उरते मधली बँक. तिला धरलं की खेळ आपोआप थांबेल, असा सरकारांचा हिशेब.

तो कितपत बरोबर ठरला, याची चर्चा बहुधा ‘जुगार थांबला का’ या प्रश्नापाशी अडते. पण पैसे आत जाणं आणि बाहेर येणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. मागच्या वीस वर्षांच्या घटना ओळीने पाहिल्या, तर आत जाण्याची वाट कोणी ना कोणी शोधून देतंच, असं दिसतं. अडकतात ते परत येणारे पैसे.

अमेरिकेतला कायदा आला तोच आडवाटेने. सप्टेंबर २००६ च्या अखेरीस बंदरांच्या सुरक्षेसाठीचं विधेयक मंजूर होताना त्यात इंटरनेट जुगाराच्या पैशांविषयीचं प्रकरण घुसवलं गेलं आणि १३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी सही केली. या कायद्याने खेळणं हा गुन्हा ठरवला नाही. बेकायदा जुगारासाठी कंपनीने पैसे स्वीकारणं हा गुन्हा झाला. बेकायदा जुगार नेमका कोणता, हे मात्र कायद्याने सांगितलंच नाही. ते इतर कायद्यांवर सोडलं आणि ओळखण्याचं काम बँकांच्या गळ्यात मारलं.

बाजाराने नियमावलीची वाट पाहिली नाही. २ ऑक्टोबर २००६ ला लंडनच्या शेअर बाजारात पार्टीगेमिंग या कंपनीचा भाव एका दिवसात निम्म्याहून खाली आला. वर्षभरापूर्वीच बाजारात उतरलेल्या या कंपनीचं सॉफ्टवेअर उभं करणारे संस्थापक अनुराग दीक्षित हे दिल्लीच्या आयआयटीत शिकलेले. डिसेंबर २००८ मध्ये त्यांनी अमेरिकी न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि ३० कोटी डॉलर भरायची तयारी दाखवली. पार्टीगेमिंगने अमेरिका सोडली. तिथले खेळाडू मात्र कुठेच गेले नाहीत. ते उरलेल्या कंपन्यांकडे वळले आणि त्या अर्थातच अधिक धाडसी होत्या.

खेळाडूंना पहिला चटका बसला जानेवारी २००७ मध्ये. त्या वेळी बहुतेक अमेरिकी खेळाडू आयल ऑफ मॅनवरच्या नेटेलर या ऑनलाइन पाकिटातून पैसे भरत आणि काढत. १५ जानेवारीला तिच्या दोन संस्थापकांना अमेरिकेत अटक झाली. काही दिवसांत कंपनीने अमेरिकेतलं काम थांबवलं आणि ग्राहकांचे सुमारे ९ कोटी ४० लाख डॉलर जागच्या जागी गोठले. ज्यांचे ते पैसे होते त्यांच्यावर कसलाही आरोप नव्हता. तरी पैसे परत मिळायला जुलै उजाडला. पुढे जून २००९ मध्ये सरकारने मधल्या दलाल कंपन्यांच्या खात्यांतले सुमारे ३ कोटी ४० लाख डॉलर जप्त केले. ते २७ हजारांच्या आसपास खेळाडूंनी काढायला लावलेले, म्हणजे त्यांच्या घरच्या वाटेवर असलेले पैसे होते. जिंकल्याचा धनादेश हाती आला आणि बँकेत वटला नाही, असा अनुभव कित्येकांना त्या काळात आला.

वाट जितकी अरुंद, तितका वाटाड्या महाग. नामांकित बँका मागे हटल्यावर पोकर कंपन्यांनी अडचणीतल्या छोट्या बँका गाठल्या. युटा राज्यातल्या सेंट जॉर्ज गावची सनफर्स्ट बँक ही त्यातली गाजलेली. मंदीत तिला भांडवल हवं होतं. दलालांनी एक कोटी डॉलर गुंतवून सुमारे तीस टक्के हिस्सा घेण्याची तयारी दाखवली आणि बदल्यात पोकरचे पैसे तिथून वाहू लागले. वीस कोटी डॉलरहून अधिक रक्कम या बँकेतून गेल्याचा सरकारचा आरोप होता.

या सगळ्यात विलक्षण भाग फुल टिल्ट पोकरचा. २०१० च्या सुमारास या कंपनीकडे खेळाडूंच्या खात्यातून पैसे वळते करून घेणारा भरवशाचा दलालच उरला नव्हता. खेळाडूने शंभर डॉलर भरले असं पडद्यावर दिसे, तो त्यावर खेळे, हरे किंवा जिंके, पण त्याच्या बँकेतून शंभर डॉलर कापलेच गेलेले नसत. स्पर्धक पुढे जाईल या धास्तीने कंपनीने ही अडचण खेळाडूंना कळू दिली नाही. अशी हवेतली जमा वाढत वाढत १३ कोटी डॉलरच्या घरात गेली. हरणाऱ्याने न भरलेले पैसे जिंकणाऱ्याच्या खात्यावर खरे म्हणून दिसत होते आणि तो ते काढून घेण्याचा हक्कदार होता. त्याच काळात मालकांना कोट्यवधी डॉलरचं वाटप चालूच होतं. १५ एप्रिल २०११ ला, पोकरवाले ज्याला ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात त्या दिवशी, सरकारने संकेतस्थळं ताब्यात घेतली तेव्हा फुल टिल्ट जगभरच्या खेळाडूंना सुमारे ३९ कोटी डॉलर देणं लागत होती आणि बँकेत होते जेमतेम ६ कोटी. फिरोजपूरला जन्मलेले सरकारी वकील प्रीत भरारा यांनी सप्टेंबरमध्ये या कंपनीला पॉन्झी योजना म्हटलं.

भरारांचा शब्द कठोर होता आणि तो लागूही होता. पण त्या १३ कोटींच्या भगदाडाला मालकांच्या हावेइतकंच पैशांच्या वाटेवरचे निर्बंधही कारण होते, हे त्यांच्या दाव्यातूनच दिसतं. उघड धंद्यात ग्राहकाचे पैसे वेगळ्या खात्यात आहेत का, हे कोणी तरी तपासतं. लपून चालणाऱ्या धंद्यात ते कोण तपासणार?

युरोपने याहून साधी अवजारं वापरून पाहिली. कार्डाने होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला दुकानाच्या प्रकारानुसार चार आकडी क्रमांक असतो. जुगाराचा क्रमांक ७९९५. बँकेने तो क्रमांक अडवला की कार्ड चालत नाही. अमेरिकी बँकांनी हेच केलं आणि त्यात कायदेशीर सरकारी लॉटरीची तिकिटंही अडकली. ब्रिटनने उद्देशच वेगळा ठरवला. तिथे जुगार कायदेशीर आहे, म्हणून १४ एप्रिल २०२० पासून बंदी आली ती फक्त क्रेडिट कार्डावर, म्हणजे उसन्या पैशांवर. क्रेडिट कार्डाने ऑनलाइन खेळणाऱ्यांपैकी २२ टक्के लोक व्यसनाच्या पातळीला पोचल्याचं तिथल्या गॅम्बलिंग कमिशनला आढळलं होतं. ऑस्ट्रेलियाने हाच कित्ता जून २०२४ मध्ये गिरवला. ब्रिटनमधल्या मॉन्झो बँकेने २०१८ मध्ये ग्राहकाच्या हातीच एक कळ दिली. ती दाबली की जुगाराचे व्यवहार बंद, आणि पुन्हा चालू करायचे तर ४८ तास थांबा. तलफ दोन दिवस टिकत नाही, एवढ्या साध्या निरीक्षणावर ही युक्ती चालते. नॉर्वेने २०१० पासून परदेशी कंपन्यांकडे जाणारे पैसे रोखण्याचा मार्ग धरला.

भारताची गोष्ट या सगळ्यांहून गुंतागुंतीची आहे, कारण इथे पैसे पाठवणं जगात इतरत्र नसेल इतकं सोपं झालं आणि कायदा मात्र १८६७ चा. मुंबई इलाख्याचा वेगळा कायदा १८८७ चा. दोन्हींचा भर अड्ड्यावर, म्हणजे चार भिंती, फासे आणि आत सापडलेली माणसं यांवर. मटक्याच्या काळात कल्याण-वरळीचा आकडा मुंबईच्या गल्लीगल्लीत चिठ्ठीवर लागे आणि पैसे रोखीने फिरत. बँक त्यात कुठे नव्हतीच, म्हणून अडवायला काही नव्हतं. पोलीस चिठ्ठ्या जप्त करत आणि दुसऱ्या दिवशी आकडा पुन्हा फुटे.

१९५७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांत रेघ ओढली, १९६७ मध्ये रमी कौशल्याच्या बाजूला गेली. त्या रेघेवर पुढे ड्रीम११ सारख्या मुंबईच्या कंपन्या उभ्या राहिल्या. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि पन्नास रुपयांचा संघ लावणंही परवडू लागलं.

सरकारने आधी कराचा मार्ग घेतला. एप्रिल २०२३ पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के कर मुळातच कापला जाऊ लागला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या प्रत्येक रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. वरवर पाहता हा महसुलाचा विषय. खेळणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तोही पैशांच्या वाटेवरचा नाकाच होता, आणि तो फक्त देशी, नोंदणीकृत कंपन्यांच्या दाराशी होता. व्हॉट्सअॅपवर ‘आयडी’ देणारा परदेशी सट्टेवाला ना जीएसटी घेत होता, ना टीडीएस कापत होता. त्याच्यासाठी याहून चांगली जाहिरात कोणी केली नसती.

मग ऑगस्ट २०२५. ऑनलाइन गेमिंगचं विधेयक २० तारखेला लोकसभेत, २१ ला राज्यसभेत मंजूर झालं, २२ ला राष्ट्रपतींची सही. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, बंद. कलम ७ बँका आणि पैसे पोचवणाऱ्या सगळ्या संस्थांना असे व्यवहार करायला मनाई करतं. मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, त्याला सरकारने पीडित मानलं आहे. ४५ कोटी लोक दर वर्षी सुमारे २० हजार कोटी रुपये गमावतात, असा आकडा सरकारने दिला होता.

परिणाम लगेच दिसला. ड्रीम११, एमपीएल, झुपी यांनी पैशांचे खेळ थांबवले आणि खात्यातली शिल्लक काढून घ्यायची मुभा ठेवली. यूपीआयवर खेळांच्या वर्गात जुलैमध्ये दहा हजार कोटींच्या आसपास उलाढाल होती. ऑगस्टमध्ये, म्हणजे बंदीचे जेमतेम दहा दिवस धरूनही, ती सुमारे साडेसात हजार कोटींवर आली. निर्बंधाने काहीच साधत नाही असं म्हणणाऱ्यांनी ही घसरण नीट पाहावी. आयपीएलच्या हंगामात चार मित्रांबरोबर संघ लावणारा, ओझरता खेळणारा माणूस पहिल्याच अडथळ्याला खेळ सोडतो. संख्येने असेच लोक जास्त असतात. शिवाय इथे पैसे परत मिळाले, कारण कंपन्या देशात होत्या, त्यांची खाती उघड होती आणि खेळाडूची ओळख तपासलेली होती.

प्रश्न उरतो तो न सोडणाऱ्यांचा. त्यांच्यासाठीची व्यवस्था कायद्याच्या कितीतरी आधीपासून सज्ज आहे. भिलाईच्या दोन तरुणांनी दुबईतून चालवलेलं महादेव अॅप हा तिचा नमुना. ईडीच्या म्हणण्यानुसार त्याची रचना शाखांची होती. देशभर ‘पॅनेल’ चालवायला दिलेली, नफ्याची वाटणी ७०-३०. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने महादेवसह २२ अॅप्स आणि संकेतस्थळं बंद केली. या व्यवस्थेत पंटर कंपनीला पैसे भरतच नाही. तो एका क्रमांकावर संदेश टाकतो, त्याला एक यूपीआय पत्ता येतो. तो पत्ता कुणा रिक्षावाल्याच्या, शेतमजुराच्या किंवा कॉलेजातल्या मुलाच्या खात्याचा असतो. काही हजार रुपयांच्या बदल्यात त्याने पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड असं सगळं ‘किट’ कुणाला तरी देऊन टाकलेलं असतं. बँकेच्या नजरेत हा एका माणसाने दुसऱ्याला पाठवलेला साधा पैसा. ७९९५ चा क्रमांक तिथे लागू होत नाही.

परिमॅच प्रकरणात ईडीने सांगितलेले तपशील या बाबतीत बोलके आहेत. तमिळनाडूतल्या भाड्याच्या खात्यांत जमा झालेले पैसे रोखीने काढून हवाल्याला दिले गेले. पश्चिम भारतात एकाच ठिकाणी १,२०० हून अधिक क्रेडिट कार्डं सापडली. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारलेल्या काही कंपन्या ‘तंत्रज्ञान पुरवठादार’ म्हणून मागच्या दाराने हीच कामं करत होत्या. सनफर्स्टला निदान बँक म्हणायची सोय होती.

यातून दोन गोष्टी घडतात आणि दोन्ही खेळणाऱ्याच्या मुळावर येतात. पहिली उधारी. पैसे भरणं कटकटीचं झालं की एजंट ‘पॉइंट’ उधार देतो आणि हिशेब नंतर करतो. ब्रिटनने जे उसन्या पैशांवर खेळणं मोडून काढायला बंदी आणली, तेच इथे बंदीच्या आडोशाने फोफावतं. आणि एजंट बँकेसारखी नोटीस पाठवत नाही, घरी येतो. नागपूरच्या एका व्यापाऱ्याने बनावट अॅपवर ५८ कोटी रुपये गमावल्याचं प्रकरण जुलै २०२३ मध्ये बाहेर आलं. पोलिसांनी सांगितल्यानुसार त्याने सुरुवातीला आठ लाख रुपये दिले होते तेच हवाल्याच्या मार्गाने. संशयिताच्या गोंदियातल्या घरातून सुमारे १७ कोटींची रोकड आणि किलोंच्या हिशेबात सोनं-चांदी निघाली. अॅप खरं की बनावट हे पैसे भरण्याच्या रीतीवरून ओळखण्याची सोय तिथे नव्हतीच, कारण खऱ्याचीही रीत तीच असते.

दुसरी गोष्ट अधिक विचित्र. कोणी जिंकलाच तर त्याच्या खात्यात पैसे येतात तेही भाड्याच्या खात्यातून. त्या खात्यात सायबर चोरीचे पैसेही मिसळलेले असतात. ज्याची फसवणूक झाली तो १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करतो, पैशांचा माग निघतो आणि दोन-तीन टप्प्यांवरच्या प्रत्येक खात्यावर टाच येते. त्यासाठी पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १०६. सट्ट्यात पाच हजार जिंकलेल्या माणसाचं पगाराचं खातं दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याच्या पत्रावरून गोठतं. पैसे कुठून आले हे सांगायचं तर सट्टा कबूल करावा लागतो. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, तक्रारीत जेवढी रक्कम आहे तेवढीच रोखा, सगळं खातं अडवू नका, असा निवाडा दिला. तरीही त्यासाठी वकील लावण्याची ऐपत किती जणांची? भाड्याची खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली तयार केली आणि डिसेंबर २०२४ च्या पतधोरणात तिचा उल्लेख झाला. रोग पकडायचा तर तो खात्याच्या पातळीवरच पकडावा लागेल, हे यातून मान्य झालं आहे. पण खातं देणारा पोरगा पकडला जातो आणि घेणारा दुबईत असतो, ही अडचण कुठल्या प्रणालीने सुटणारी नाही.

आभासी चलनाची वाट आहेच. त्यावर भारतात नफ्याला ३० टक्के कर आणि जुलै २०२२ पासून प्रत्येक व्यवहाराला एक टक्का टीडीएस आहे. तो टाळून लोक थेट एकमेकांकडून टेथर हे आभासी चलन घेतात, आणि विकताना पैसे येतात ते पुन्हा कुणाच्या तरी यूपीआय खात्यातून. म्हणजे फिरून टाच येण्याचा धोका तोच. जुगारासाठी परदेशात पैसे पाठवण्याचा सरळ मार्ग फेमा या परकीय चलन कायद्याच्या नियमांनी २००० सालापासून बंद आहे. लॉटरीची तिकिटं, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक्स यांसाठी परकीय चलन देताच येत नाही.

नव्या कायद्याला आव्हान देणाऱ्या याचिका ८ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्वतःकडे वर्ग करून घेतल्या. तिथला वाद मुख्यतः कंपन्यांच्या धंद्याच्या हक्काचा आणि राज्य-केंद्र अधिकारांचा आहे. अडकलेल्या पैशांचा मालक त्यात कुठे दिसत नाही.

अमेरिकेत तो निदान शेवटी दिसला. जुलै २०१२ मध्ये फुल टिल्टची स्पर्धक पोकरस्टार्सने सरकारशी ७३ कोटी १० लाख डॉलरची तडजोड करताना फुल टिल्टही ताब्यात घेतली आणि खेळाडूंच्या परताव्याची सोय त्या पैशांतून झाली. २८ फेब्रुवारी २०१४ ला पहिल्या खेपेत सुमारे २७,५०० जणांना ७ कोटी ६० लाख डॉलर मिळाले. त्याच कारवाईत सापडलेल्या अॅब्सोल्यूट पोकर या आणखी एका कंपनीच्या खेळाडूंना त्यासाठी २०१७ पर्यंत थांबावं लागलं. अर्ज करायला जागा होती, कंपनीच्या नोंदी होत्या आणि कुणाचे किती निघतात ते जुळवून पाहता येत होतं. भारतात १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करारच निरर्थक ठरवतं, पैजेचे पैसे वसूल करायला दावा लावता येत नाही. जुन्या मुंबई इलाख्यात तर १८६५ च्या एका कायद्याने पैजेला जोडून केलेले उसनवारीचे आणि दलालीचे करारही निरर्थक ठरवले आहेत. तेव्हा ‘विड्रॉल’ची कळ दाबून आठवडे उलटले तरी पैसे न आलेला पंटर दिवाणी न्यायालयात जाऊ शकत नाही. पोलिसांकडे जायला कचरतो. आणि गेलाच, तर दाखवायला त्याच्याकडे एका बंद पडलेल्या क्रमांकाशी झालेलं व्हॉट्सअॅपवरचं बोलणं आणि कुणा अनोळखी मजुराच्या नावाची यूपीआय पावती एवढंच असतं.